थांबणारं दार

दार बंद होत नाही, ही तक्रार आमच्या कॉलनीत थंडी पडली की सुरू होते. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला अलीकडे जे बंगले झाले, त्यांतल्या बऱ्याच गॅरेजना रिमोटवर चालणारी दारं आहेत. आडव्या पट्ट्यांची, रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवी होणारी. सकाळी गाडी बाहेर निघते, रिमोट दाबला जातो, दार अर्ध्यापर्यंत खाली येतं, थबकतं आणि उलटं वर जातं. पुन्हा दाबलं तरी तेच. ऑफिसला उशीर होत असतो. मग कोणीतरी स्टुलावर चढतं, मोटरचं झाकण उघडतं आणि फोर्सचं, म्हणजे दार किती जोराने ढकलायचं त्याचं, सेटिंग वाढवून टाकतं. दार मुकाट्याने बंद होतं आणि घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

मला मात्र तेव्हापासून त्या दाराची धास्ती वाटायला लागते. म्हणजे त्याच्याखालून ये-जा करणाऱ्यांची काळजी.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं अंबडच्या एमआयडीसीत, प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये गेली. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या पॉवर प्रेस. त्या खात्यात एक गोष्ट लवकर कळते: मशीन चालू करणं कुणालाही जमतं, कसब लागतं ते तिला वेळेवर थांबवायला. म्हणून ऑपरेटरला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायला लावतात, म्हणजे प्रेस खाली येताना हात डायमध्ये, पत्रा दाबणाऱ्या साच्यात, असूच शकत नाहीत. म्हणून समोर लाइट कर्टन बसवतात. न दिसणाऱ्या किरणांच्या त्या पडद्यात बोट जरी शिरलं तरी क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ याच कामाचं होतं, यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालायचं. आणि तरीही, प्रॉडक्शनची घाई असली की एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. शॉपमध्ये त्याला सरळ 'बायपास' म्हणत. अशाच एका बायपासमध्ये ज्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तो माणूस पुढे निवृत्त होईपर्यंत स्टोअरला बसायचा. चहाचा ग्लास तो अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत धरायचा.

गॅरेजच्या दाराचा फोर्स कारण न शोधता वाढवणं म्हणजे तीच पाचर आहे. दार परत फिरतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं. त्याला काहीतरी जाणवलेलं असतं आणि ते आपलं काम चोख करत असतं. त्याला काय जाणवलं, हे शोधणं आपलं काम.

म्हणून कुणी बोलावलं तर मी आधी झाकण उघडत नाही. दार चालवून पाहतो आणि ते कुठून परत जातं तेवढं बघतो. फरशीला टेकून परत जात असेल तर तो बहुधा फोर्सचा प्रश्नच नसतो. खालची लिमिट, म्हणजे मोटरने दार कुठवर खाली न्यायचं ती मर्यादा, गरजेपेक्षा जास्त उतरवलेली असते. दार जमिनीवर पोहोचलेलं असतं, पण मोटरच्या हिशेबात अजून बोटभर अंतर बाकी असतं, त्यामुळे ती फरशीलाच अडथळा समजते. लिमिट किंचित वर घेतली की मिटलं. पावसाच्या आधी गॅरेजच्या तोंडाशी पाणी आत येऊ नये म्हणून सिमेंटचा उंचवटा घातला जातो, नवी फरशी बसते, खालचं रबर बदललं जातं, आणि लिमिट मात्र जुन्या जमिनीचीच राहते. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आधी तेच विचारतो: खाली काही नवीन केलंत का?

मधूनच परत जात असेल तर दोन शक्यता. दाराच्या बाजूंना अडथळा ओळखायला लावलेल्या सेन्सरला मध्ये काहीतरी दिसतंय, नाहीतर दार कुठेतरी घासतंय.

घासण्याचं कारण नाशिकची थंडी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या येतात, बागांतून द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटतात, आणि त्याच पहाटे गॅरेजमधलं जुनं ग्रीस रोलरच्या बेअरिंगमध्ये घट्ट होऊन बसतं. रबरही ताठ होतं. दार खाली ढकलायला मोटरला रोजच्यापेक्षा जास्त जोर लागतो, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे जोर लागला की परत फिर, हे तर तिला आपणच शिकवलेलं. जानेवारीत वाढवलेला फोर्स एप्रिलमध्ये कमी करायची आठवण कुणाला होत नाही. ऊन वाढतं, ग्रीस पातळ होतं, दार हलकं चालायला लागतं, पण जोर जानेवारीचाच राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं गॅरेजात क्रिकेट खेळत असतात तेव्हा.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो करताना मला मनापासून आनंद होतो. मोटर सोडवायची, दार हाताने वर-खाली करायचं आणि कान देऊन ऐकायचं. कुठला रोलर किरकिरतो, कुठे रूळ दबलाय, कुठल्या बिजागरीचा बोल्ट सैल आहे, हे हाताला कळतं. रूळ आतून कोरड्या फडक्याने पुसायचे. रुळांना ग्रीस लावायचं नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण प्रत्येक जण तिथेच लावतो. कारखान्यातलं चिकट पिवळं ग्रीस रुळात गेलं की आजूबाजूच्या बांधकामांची सगळी धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात त्याची पेस्ट होते. तेल हवं बिजागऱ्यांना आणि रोलरच्या बेअरिंगला. नायलॉनच्या चाकाला स्वतःला काही नको. सिलिकॉनचा स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस, थोडंसं, आणि जास्तीचं पुसून. गंजलेले नट सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून मारू नका. तो आधीचं तेल धुऊन नेतो आणि स्वतः टिकत नाही. चेनवाली मोटर असेल तर चेनला मधोमध थोडा झोल असू द्यावा, तारेसारखी ताणू नये. ताणली की स्प्रॉकेट आणि आतले गिअर झिजतात.

आता स्प्रिंगबद्दल, कारण खरा जीव तिच्यात आहे.

दार मोटर उचलते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. एका गाडीचं दार हलकं म्हटलं तरी ५०-६० किलोचं असतं, दोन गाड्यांचं तर शंभराच्या पुढे जातं. हे वजन तोलून धरते स्प्रिंग. दारावरच्या आडव्या दांड्यावर पिळून बसवलेली टॉर्शन स्प्रिंग, किंवा रुळांच्या बाजूने ताणलेल्या दोन लांब स्प्रिंगा. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंग, अशी ती जोडी असते. दोन्ही सारखी असली की मोटरला फक्त धक्का द्यायचा असतो, आणि म्हणूनच छतावरचा तो एवढासा डबा पुरतो.

ही जोडी जुळलेली आहे का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. दार पूर्ण बंद करायचं. मग मोटरच्या रुळाखाली लोंबणारी लाल दोरी ओढायची, म्हणजे दार मोटरपासून सुटं होतं. हाताने कमरेच्या उंचीपर्यंत उचलायचं आणि हळूच हात काढायचा, पण जवळच ठेवायचा. ठीक असलेलं दार तिथेच राहतं. सरसर खाली आलं तर स्प्रिंग थकली. आपण होऊन वर पळालं तर ताण जास्त आहे. या चाचणीत नापास झालेल्या दाराच्या मोटरचं कुठलंही सेटिंग मी बदलत नाही. थकलेल्या स्प्रिंगचं दार खाली येतं तेव्हा त्याखाली सापडलेल्याच्या अंगावर मोटरचा जोर तर येतोच, वर न तोललेलं वजनही येतं. वर जाताना मोटर कण्हते आणि लोक म्हणतात, मोटर बदलावी लागणार. बहुतेक वेळा स्प्रिंग बदलावी लागणार असते.

नेहमीच्या स्प्रिंगा साधारण १०,००० फेऱ्यांच्या हिशेबाने बनवतात. एकदा उघडून बंद होणं ही एक फेरी. दिवसात चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षंसुद्धा पुरी होत नाहीत. आमच्या रांगेतले बंगले एकाच बिल्डरचे, दारं एकाच वेळी बसलेली, त्यामुळे स्प्रिंगाही जवळजवळ एकदमच थकू लागल्या. मोटर खराब निघाली, अशी ओरड रांगभर झाली. मोटरी ठणठणीत होत्या.

पण स्प्रिंगला हात मी स्वतः लावत नाही. पाने-पक्कड घेऊनच आयुष्य गेलं, तरी नाही. पिळून बसवलेल्या त्या तारेत अख्ख्या दाराचं वजन साठवलेलं असतं, आणि ती पिळायला ठरावीक मापाच्या दोन सळया लागतात. सळीच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर घालणाऱ्याच्या हातातून तो गोळीसारखा सुटू शकतो. तिच्या दोन टोकांचे बोल्ट, ड्रमवरची वायर-रोप आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातली ब्रॅकेट, ज्यांत तोच ताण असतो, हे सगळं हे काम रोज करणाऱ्या माणसाचं. त्याने नवी स्प्रिंग बसवली की मोटरला पुन्हा लर्निंग रन द्यायला सांगा. आताच्या मोटरी एकदा वर-खाली जाऊन कुठे किती जोर लागतो ते लक्षात ठेवतात, आणि जुन्या स्प्रिंगचं गणित नव्या दाराला लावणं धोक्याचं आहे.

हे सगळं झाल्यावर मी फळी काढतो. दीड इंच जाडीचा लाकडाचा तुकडा, सुताराकडून मागून आणलेला. दाराच्या मधोमध फरशीवर आडवा ठेवायचा आणि रिमोट दाबायचा. दार फळीला टेकलं की दोन सेकंदांच्या आत परत फिरलं पाहिजे. टेकून दाबत राहिलं, किंवा नुसतं थांबून तिथेच बसलं, तर ते दार नापास, मग ते कितीही गुळगुळीत चालत असो.

ही फळीची चाचणी अमेरिकेतली. तिथे सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर उचललं जाणारं गॅरेजचं दार केलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. घरोघरी ती दारं गेली. त्यांच्याखाली लहान मुलं सापडून दगावली. परत फिरायची सोय काही मोटरींत आधीपासून होती, पण सक्तीचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून तिथे बनणाऱ्या प्रत्येक घरगुती मोटरला आपोआप परत फिरणं आणि त्याच्या जोडीला सेन्सरसारखी आणखी एक राखण बंधनकारक झाली. युरोपात मोजमाप आणखी काटेकोर आहे. बंद होत आलेल्या दाराचा अडथळ्यावरचा दाब ४०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ४० किलोच्या वर जाता कामा नये, आणि पाऊण सेकंदात तो १५० न्यूटनच्या खाली उतरला पाहिजे. हे आकडे वाचताना मला प्रेस शॉपची आठवण येते. प्रत्येक आकड्यामागे कुणाचा तरी हात किंवा छाती आहे.

आपल्याकडे मी पाहिलेल्या कोटेशनांत सेन्सर शेवटच्या ओळीत, 'ऑप्शनल' म्हणून असतो. भाव करताना तीच ओळ आधी कापली जाते. कृपा करून ती कापू नका. हवं तर दाराचा रंग साधा घ्या.

सेन्सरचे दोन डोळे दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत असतात. रांगतं मूल, झोपलेलं मांजर, गाडीचं चाक यांतलं काहीही त्या रेषेत आलं तर दार खाली येतच नाही. इतके खाली असल्यामुळे त्यांच्या वाट्याला बरंच काही येतं. सडा टाकताना, गाडी धुताना पाणी उडतं. सायकल लागून ब्रॅकेट वाकते आणि दोन डोळ्यांची नजर चुकते. कोळी जाळं विणतो. कुंभारमाशीला ती जागा का आवडते कोण जाणे, पण काचेच्या कडेला तिचं मातीचं घरटं मी नखाने खरवडून काढलेलं आहे. डोळ्यावरचा बारीक दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय हे पाहिलं तर निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. मऊ फडक्याने पुसायचं, नजर जुळवायची, स्क्रू आवळायचा.

एक तक्रार मात्र मला फार आवडली होती. आनंदवल्लीकडचा एक बंगला, गॅरेजचं तोंड दक्षिणेला. दार सकाळी व्यवस्थित बंद व्हायचं, संध्याकाळी पाचच्या सुमारास व्हायचं नाही, रात्री पुन्हा व्हायचं. आणि फक्त थंडीत. दोन मेकॅनिक बोर्ड बदला म्हणून सांगून गेले होते. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कलतो. मावळतीचं तिरपं ऊन उघड्या दारातून आत येऊन नेमकं पूर्वेकडच्या खांबावरच्या डोळ्यावर पडत होतं, आणि किरण घेणारा डोळा तोच होता. उन्हाच्या झोतात त्याला समोरच्या डोळ्याचा बारीक किरण दिसेना. दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली, घेणारा पश्चिमेच्या खांबावर सावलीत नेला, आणि काम झालं. त्या घरातल्या सातवीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, म्हणजे दार खराब नव्हतंच?" नव्हतं. डोळा दिपलेला असताना खाली यायचं नाही, इतकी समज त्या दारात होती.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न वळवाच्या दिवसांत येतो. तीच लाल दोरी. पण दार बंद असतानाच ओढायची. उघड्या दाराची दोरी ओढली आणि स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असली, तर दार कोसळतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती दोरी एकदा ओढून दाखवा, अंधारात पहिल्यांदा शोधायला लावू नका. विजा कडाडत असतील तर मोटरची पिन काढून ठेवा. कंट्रोल बोर्ड जातो तो बहुधा अशाच दुपारी, नाहीतर आत शिरलेल्या पालीमुळे.

गणपतीत आमच्याकडे एका घरी गॅरेजमध्येच आरास असते. दहा दिवस दार वर, आणि खाली सगळ्या कॉलनीची मुलं. तिथे मी आदल्या दिवशी आवर्जून जातो. रिमोट कपाटात ठेवून भागत नाही. मोटरची पिन काढायची आणि दोन्ही रुळांत, शेवटच्या रोलरच्या खालच्या अंगाला सी-क्लॅम्प आवळायचा. स्प्रिंग तुटली तरी दार रोलरवरच अडलं पाहिजे. विसर्जनानंतर क्लॅम्प आधी काढायचे, पिन मग लावायची.

वर्षातून दोनदा हे सगळं करतो. एकदा पावसाच्या आधी, आणि एकदा खंडेनवमीला, शॉपमध्ये असताना त्या दिवशी मशीन पुसून, हार घालून पूजा करायचो तसंच. फळीची चाचणी मात्र महिन्यातून एकदा घरच्यांनीच करावी. तिला काही शिकावं लागत नाही, आणि मुलांना ती जरूर करू द्यावी, मोठ्यांच्या देखत. आपल्या दाराला काय कळतं हे मुलांना माहीत असावं. दाराशी शर्यत लावून खालून सटकायचं नाही, हेही त्याच वेळी सांगता येतं.

या महिन्यात समोरच्या आजींकडे काम निघालं. त्यांचं गॅरेज जुनं, साधं रोलिंग शटर. मुलाने परदेशातून पैसे पाठवून त्याला साइड मोटर बसवून घेतली, आई वाकून शटर ओढते हे त्याला बघवत नव्हतं. हेतू चांगलाच. पण त्या मोटरला सेन्सर नाही, अडथळा लागला तर परत फिरायची सोय नाही. लिमिटपर्यंत पोहोचेपर्यंत शटर खाली येतच राहतं, आणि रिमोट आजींच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. चुकून दाबला गेला तर त्या स्वयंपाकघरात आणि शटर रस्त्याकडे.

मी त्यांना दोन गोष्टी सुचवल्या. एक तर सेन्सर लावून घ्या. आणि तो लागेपर्यंत शटरवाल्याकडून रिमोट बंद करून भिंतीवर असं बटण बसवा, की दाबून धरलं तरच शटर खाली येईल आणि बोट उचललं की जागच्या जागी थांबेल. त्याने दाबून धरणाऱ्याला तिथे उभं राहावं लागतं, बघावं लागतं.

आजींना ते पटलं. "बटण कुठं लावू सांगा, रे बाबा," म्हणाल्या. शटर वरपासून खालपर्यंत दिसेल अशा जागी लावा, पण शटरच्या खाली उभं राहून हात पोहोचणार नाही इतकं लांब, आणि जमिनीपासून दीड मीटर उंच. दिवाळीत नातवंडं येतात, ती पाच आणि सात वर्षांची आहेत.